काळा कोट नसलेलं काम
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



काल रात्री जेवताना आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीनं मला विचारलं, "माझी मुलगी बी.कॉम. झाली. पॅरालीगलचा कोर्स करते म्हणते. तू कोर्टात असतेस ना, करू देऊ का गं?" जेवताना नीट उत्तर देता आलं नाही. आज बोलायला मिळालेली दहा मिनिटं त्याच उत्तरासाठी वापरते.

मी तालुक्याच्या कोर्टात एका वकीलसाहेबांकडे सव्वीस वर्षं कारकून आहे. आजच्या भाषेत पॅरालीगल. मुंबई-पुण्याच्या मोठ्या ऑफिसांत हे काम संगणकावर आणि इंग्रजीत चालतं, आमच्याकडे काखेत फायली घेऊन. गाभा मात्र एकच. सकाळी बोर्ड बघायचं, पक्षकारांना फोन करायचे, वकीलपत्रावर स्टॅम्प लावायचे, कागदांची यादी करायची, रोजनामा वाचून पुढची तारीख डायरीत उतरवायची, निकालाच्या नकलेसाठी अर्ज द्यायचा. युक्तिवाद साहेब करतात. केस जिंकली की पेढे साहेबांच्या टेबलावर येतात. त्यातला एक आपल्याला मिळतो आणि तेवढ्यानं आनंद झाला पाहिजे. ज्याला टाळ्या हव्यात त्यानं इकडे येऊ नये.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीचं चौथं वर्ष होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा बांधाचा दावा फेटाळला गेला. जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवसांची मुदत असते. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, पण त्यासाठी अर्ज मुदतीच्या आत द्यावा लागतो. घरी लग्न होतं, मी अर्ज उद्यावर टाकत गेले आणि बत्तिसाव्या दिवशी दिला. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी विलंब माफीच्या अर्जात "कारकुनाच्या चुकीमुळे" असं स्पष्ट लिहिलं आणि माझं प्रतिज्ञापत्र जोडलं. मी त्यावर सही केली. विलंब माफ झाला, पण त्यात आठ महिने गेले आणि वर खर्च भरावा लागला. तो साहेबांनी भरला. ते आजोबा मला एवढंच म्हणाले, "पोरी, मला वाटलं तू लिहून घेतलं होतंस." आज तारीख मोबाईलवरही दिसते, तरी मी ती डायरीत हातानं लिहिते आणि संध्याकाळी पुन्हा वाचते. तेच तेच तपासण्याचा कंटाळा येणाऱ्याला हे काम मानवत नाही.

दुसरी गोष्ट, कुठं थांबायचं ते कळलं पाहिजे. बायका साहेबांपुढे बोलायला बुजतात, व्हरांड्यात माझ्याशी मोकळं बोलतात. "ताई, केस जिंकू ना?" सव्वीस वर्षांत मला बरंच कळतं, पण १९६१च्या अधिवक्ता कायद्यानं वकिली फक्त सनदधारकानंच करायची आहे. म्हणून मी ऐकून घेते, कागद नीट लावते आणि म्हणते, "हे साहेबांना विचारू." माहिती मात्र देता येते. नवऱ्यानं टाकलेली एक बाई फीला पैसे नाहीत म्हणून परत निघाली होती. मोफत कायदेशीर मदतीसाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिला विधी सेवा समितीच्या खोलीपर्यंत पोहोचवून आले. त्या दिवशी पेढा नव्हता, पण झोप छान लागली.

पैशाचंही बोलते, कारण आईबापांना तेच विचारायचं असतं आणि संकोच वाटतो. लहान वकिलाकडे पगार बेताचा असतो, पेन्शन नसते. आणि कारकुनी कितीही वर्षं केली तरी आपोआप वकील होता येत नाही. त्यासाठी एलएल.बी., सनद आणि बार परीक्षा हाच रस्ता आहे. पदवीनंतर तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा. मुलीला उभं राहून युक्तिवाद करायची ओढ असेल, तर तिला तिकडेच पाठवा. पॅरालीगल ही वकिलीची स्वस्त आवृत्ती नाही, वेगळं काम आहे.

तेव्हा मैत्रिणी, कोर्सची फी भरण्याआधी एक कर. तिला आठ दिवस कोर्टात नुसती बसव. खुल्या न्यायालयात कुणालाही बसता येतं. मग तालुका विधी सेवा समितीत चौकशी करू दे. तिथं प्रशिक्षण देऊन विधी स्वयंसेवक नेमतात. ती नोकरी नव्हे, काम केलेल्या दिवसाचं मानधन मिळतं, पण स्वभावाची परीक्षा होते. दुसऱ्याच्या भांडणाचे कागद वाचून ती वैतागली, तर लवकर कळलेलं बरं. आणि संध्याकाळी घरी येऊन "आई, त्या बाईंचं पुढं काय झालं असेल गं?" असं तिनं विचारलं, तर खुशाल फी भर.

बाई, वहीवर तारीख नसली की तुम्ही ती न तपासता परत करायचात. तेव्हा मला तुमचा राग यायचा. आज त्याच सवयीवर माझं घर चालतं. तुम्हाला नमस्कार करते आणि थांबते.