थांब्याचं नाव बदलता का?

मी तोतरा आहे. पुण्यातल्या एका दवाखान्यात उपचारांआधी मला छापील प्रश्नावली भरायला दिली. पहिलाच प्रश्न : ‘संभाषणप्रसंगी वाक्-अस्खलिततेची तीव्रता नमूद करावी.’ अर्थ विचारायचा तर बोलावं लागणार, आणि घोडं तिथंच अडलेलं! सगळीकडे ‘३’वर खुणा करून मोकळा झालो. त्यांनी त्याचीही बेरीज केली.

अमेरिकेतल्या यारस आणि क्वेसल यांनी २००६ साली मांडलेल्या प्रश्नावलीत १०० प्रश्न आहेत. तोतरेपणामुळे रोजचं जगणं किती अडतं, हे ती विचारते. पण हे आपल्या बोलीत विचारायला हवं ना! ‘कात्रज’ तोंडातून फुटेना, म्हणून मी स्वारगेटचं तिकीट काढून पुढे पायी गेलो आहे. ‘तिकीट काढताना थांब्याचं नाव बदलता का?’ असं विचारा, लगेच खूण करीन.