वायफाय आहे, मग इंटरनेट का नाही?



मोबाइलवर वायफायची खूण दिसते, पण व्हिडिओ काही केल्या चालत नाही.
असं का होतं?

कारण वायफाय वेगळं,
आणि इंटरनेट वेगळं.

फायबरच्या जोडणीत बाहेरून काचेची तार येते.
केसाइतकी बारीक.
तिच्यातून वीज नाही, प्रकाश धावतो.
मोडेम त्या प्रकाशाचे विजेचे संकेत करतो.

पुढचं काम राउटरचं.
घरातल्या प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला तो वेगळा पत्ता देतो.
कोणी काय मागवलं, याची नोंद ठेवतो.
म्हणूनच तुमचं भजन नातवाच्या मोबाइलवर जात नाही.

हल्ली ही दोन्ही कामं बहुधा एकाच डब्यात होतात.
गोंधळ होतो तो इथेच.

आता त्या डब्यावरचे दिवे बघा.
‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झालाय?
मग प्रकाशच पोहोचत नाही.
तार तुटली असेल,
किंवा कपाटामागे घट्ट दुमडली असेल.
राउटर कितीदाही बंद-चालू करा, तुटलेली तार जुळणार नाही.
सरळ तक्रार नोंदवा.
आणि कृपा करून, तारेच्या उघड्या टोकात डोकावू नका.
तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

पुन्हा सांगते,
वायफाय म्हणजे घरातली जोडणी.
इंटरनेट येतं बाहेरून.

दिवे ठीक आहेत, पण आतल्या खोलीत वेग पडतो?
मग अडचण वायफायची.
5 गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होतं.
2.4 चं हळू, पण लांब पोहोचतं.
आतल्या खोलीत तेच निवडा.
आणि राउटर लोखंडी कपाटात नको,
घराच्या मधोमध, जरा उंचावर ठेवा.