निवडीचे मुखत्यारपत्र



जपानी चलच्चित्रांतील दृश्ये एखाद्या गाण्यावर जुळवणे हा कलाव्यवहार आहे असे म्हणायलाही ज्या काळी धैर्य लागे, त्या काळी या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ज्यांनी ते म्हटले, त्या माझ्या पूर्वाध्यक्षांचे स्मरण करून मी विषयाकडे वळते.

ॲनिमे म्युझिक व्हिडिओचा, म्हणजे आपण सारे ज्याला एएमव्ही म्हणतो त्याचा, अध्यक्षांनी साद्यंत आढावा घ्यावा अशी अपेक्षा कार्यवाहांच्या पत्रात होती. तो घ्यायचा तर १९७५ साली कँडी फाँग या बाईंनी ‘स्टार ट्रेक’च्या स्थिरचित्रांच्या पारदर्शिका गाण्याच्या ओघात एकामागून एक दाखवल्या, तेथून आरंभ करावा लागेल, मग १९८२ साली जिम कापोस्टास या तरुणाने अमेरिकेत दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून ‘स्टार ब्लेझर्स’मधील अतिशय हिंसक दृश्ये बीटल्सच्या ‘ऑल यू नीड इज लव्ह’ या गाण्यावर बसवली, त्या घटनेपाशी थांबावे लागेल, आणि त्याच सुमारास, १९८३ साली, ओसाकाच्या विज्ञानकथा संमेलनासाठी काही हौशी विद्यार्थ्यांनी ‘डायकॉन ४’चा उद्घाटनपट रचला आणि पुढे त्यांच्यातूनच गायनॅक्स ही संस्था उभी राहिली, तोही दाखला द्यावा लागेल. हा इतिहास आपणांपैकी पुष्कळांना मुखोद्गत आहे. तेव्हा त्याची उजळणी करण्यात हा वेळ न दवडता, गेली कित्येक वर्षे जी एक तक्रार मी मनात बाळगून आहे आणि जी उघडपणे मांडण्याची संधी आज प्रथमच मिळत आहे, तीच आपणांपुढे ठेवते.

आपले व्हिडिओ एकमेकांसारखे दिसू लागले आहेत, हे आता कोणीही नाकारीत नाही. वाद आहे तो कारणाचा. माझे म्हणणे असे, की निवड करणे हे संकलकाचे पहिले आणि सर्वांत अवघड काम, आणि नेमके तेच आपण अनोळखी माणसांच्या हवाली करून बसलो आहोत. एखाद्या मालिकेतील ‘कामाची’ दृश्ये कोणीतरी आधीच वेचून, ज्यांवर सबटायटल्स आहेत ती वगळून, पात्रवार गठ्ठे बांधून ठेवतो. त्याला ‘सीन पॅक’ म्हणतात. दुसरा कोणी कट कोठे पडावा, चित्र कोठे थरथरावे, गती कोठे मंद व्हावी आणि कोठे उसळावी, हे सारे ठरवून कॅपकट या संकलनाच्या ॲपमध्ये टेम्प्लेट तयार करतो. तिसरा पहिल्याचे तुकडे दुसऱ्याच्या रकान्यांत भरतो आणि खाली स्वतःचे नाव घालतो. या तिसऱ्याने आपल्या निवडीचे मुखत्यारपत्र लिहून दिलेले असते, आणि ज्याच्या नावे ते दिले त्याचा चेहराही त्याने पाहिलेला नसतो. ‘डेमन स्लेयर’च्या पहिल्या पर्वात २६ भाग आहेत, पण अलीकडच्या प्रवेशिका पाहिल्या तर १९ वा भाग, आणि त्यातही तांजिरोची ती अग्निज्वाळांची तलवार, एवढ्यापुरतीच ती मालिका निर्माण झाली असावी असा कोणाचाही समज व्हावा.

मी अटलांटा शहरात नोकरीनिमित्त राहत असताना तेथील जुन्या मंडळींकडून टेपवरचे संकलन शिकले. ते काम सरळ रेषेत चाले: पहिला तुकडा प्रथम, दुसरा त्याच्यानंतर, मागाहून मधल्या एखाद्या तुकड्याची लांबी वाढवावीशी वाटली, तर त्यापुढचे सारे पुन्हा करणे प्राप्त होई. बटण दाबल्यापासून यंत्र प्रत्यक्ष मुद्रण सुरू करीपर्यंत जो क्षण जाई, तो प्रत्येक यंत्राचा निराळा असे आणि तो अंगवळणी पडावा लागे. शिवाय प्रतीची प्रत काढली की रंग फिके पडत आणि रेषा विस्कटत. पण या साऱ्या जाचातून एक गोष्ट आपोआप घडे. हवे ते दृश्य शोधण्यासाठी टेप पुढेमागे फिरवणे इतके वेळखाऊ असे, की प्रत्येकजण मालिका पाहताना हाताशी वही ठेवी आणि काउंटरच्या आकड्यापुढे दृश्याची नोंद करी: अमुक आकड्याला खिडकीतून पाऊस, अमुक आकड्याला डावीकडून उजवीकडे धावणारे पाऊल, अमुक आकड्याला मिटलेले ओठ. अशा वह्या मी पुष्कळ चाळल्या आहेत. एकाच मालिकेवरच्या दोन वह्या कधी सारख्या नसत, कारण एकाला जेथे पाऊस दिसला तेथे दुसऱ्याला खिडकीची चौकट दिसलेली असे. आपले वैविध्य त्या वह्यांत होते.

यावर माझे तरुण मित्र हमखास उत्तर देतात, की त्या काळीही सारखेपणा होताच. ‘ड्रॅगन बॉल झी’वर लिंकिन पार्कचे गाणे बसवलेल्या व्हिडिओंनी स्पर्धांचे दप्तर भरून वाहत नव्हते काय? वाहत होते. अशा व्हिडिओंची रास मी परीक्षक या नात्याने पाहिली आहे. परंतु त्याच अटलांटात एका संध्याकाळी तेच गाणे आणि तीच मालिका घेतलेले दोन व्हिडिओ मी लागोपाठ पाहिले, तेव्हा एकाने व्हेजिटाचा दुखावलेला अभिमान कणाकणाने वेचलेला होता, तर दुसऱ्याने सेलसमोर उभ्या राहिलेल्या गोहानचे भेदरलेपण. गाणे सर्वांचे एक होते, कारण सोळा वर्षांच्या मुलांचा संताप सर्वत्र एकाच सुराचा असतो. दृश्ये मात्र ज्याची त्याने दूरदर्शन संचावरून उतरवून घेतलेली, ज्याच्या त्याच्या नजरेची होती. आवडीतला सारखेपणा वाढत्या वयाबरोबर ओसरतो. निवडीतला सारखेपणा ओसरत नाही, कारण त्यात ओसरण्याजोगे स्वतःचे असे काही नसतेच.

सकाळच्या परिसंवादात इतर कारणांची जी चर्चा झाली, तिचा परामर्श थोडक्यात घेते. इफेक्ट्सच्या अतिरेकाला दोष देणाऱ्यांनी ‘युफोरिया’ हा व्हिडिओ पुन्हा पाहावा. त्यात चित्रावर चित्रांचे थर चढवलेले आहेत, आणि तरीही ‘राझेफॉन’ ही मालिका कोळून प्यायलेल्या माणसाचे ते काम आहे, याविषयी पहिल्या मिनिटात शंका उरत नाही. आखूडपणाला दोष देणाऱ्यांनी २००५ सालचा ‘एएमव्ही हेल ३’ आठवावा. तो पुष्कळ संकलकांनी मिळून रचलेला, काही सेकंदांच्या विनोदी तुकड्यांची तासभर लांब माळ असलेला उद्योग होता, आणि त्यातला एकेक तुकडा हशा मिळवी तो मूळ मालिकेच्या नेमक्या जाणकारीवर. तेव्हा पंधरा सेकंदांत कला मावत नाही हे मला मान्य नाही.

कायद्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. २००५ च्या नोव्हेंबरात विंड-अप रेकॉर्ड्स या संगीत कंपनीच्या मागणीवरून इव्हनेसन्स, क्रीड, सीदर यांच्या गाण्यांवरचे व्हिडिओ अमेरिकेतील आपल्या सर्वांत मोठ्या संग्रहातून काढून टाकण्यात आले. त्यानंतर यूट्यूबवर स्वामित्वहक्काची स्वयंचलित तपासणी आली आणि कित्येकांचे वर्षानुवर्षांचे काम एका रात्रीत दिसेनासे झाले. २०१० साली अमेरिकेत बिनव्यापारी रीमिक्ससाठी डीव्हीडीचे कुलूप उघडण्याची मुभा मिळाली, पण गाण्यांचा प्रश्न राहिलाच. हे नुकसान मी जवळून पाहिले आहे आणि त्याची चीड मला आजही आहे. तरीही माझ्या परिचयातील ज्या मंडळींचे काम त्या जप्तीत गेले, ती मंडळी दुसऱ्या गाण्यांकडे, दुसऱ्या भाषांकडे, निव्वळ वाद्यसंगीताकडे वळली. त्यांच्या वह्या शाबूत होत्या, म्हणून त्यांना वळता आले. कायदा गाणे काढून घेऊ शकतो. नजर काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याला नाही. ती आपण आपल्या हाताने देऊन टाकली.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी परीक्षक असताना एका तरुणाचा व्हिडिओ अंतिम फेरीत आला. विरहगीत होते, कट अचूक होते, आणि शेवटच्या कडव्यात ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’मधील नायिकेचे अश्रू अशा लयीने थांबवून धरले होते की सभागृह स्तब्ध झाले. मुलाखतीत मी त्याला विचारले, ही कोणासाठी रडते आहे? तो म्हणाला, युद्धात दुरावलेल्या तिच्या मेजरसाठी. ते अश्रू १० व्या भागातले आहेत. एक आजारी आई आपल्या लहान मुलीच्या पुढच्या पन्नास वाढदिवसांसाठी पन्नास पत्रे व्हायोलेटकडून लिहवून घेते. त्या मुलीसमोर सारे दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली व्हायोलेट कचेरीत परतल्यावर, आता त्या मोठ्या घरात ती चिमुरडी एकटी असेल या विचाराने कोसळते. यातले काहीही त्या तरुणाला ठाऊक नव्हते. ते दृश्य त्याला ‘दुःख’ या मथळ्याखालच्या गठ्ठ्यात मिळाले होते.

माझे सहपरीक्षक म्हणाले, मूळ संदर्भ मोडून नवा अर्थ देणे हाच तर आपला धर्म! निःसंशय. पण मोडण्यासाठी तो आधी हातात असावा लागतो. कापोस्टासने संहारावर प्रेमगीत घातले, तेव्हा तो संहार कोणाचा आणि कशासाठी हे जाणून त्याने तो उलटा केला. म्हणून त्या विनोदाला धार आली. या तरुणाने काहीच उलटे केले नव्हते. त्याला जर ती पत्रे ठाऊक असती, तर कदाचित त्याने विरहाचे गाणे सोडून दिले असते, कदाचित तेच गाणे आईच्या तोंडी घातले असते. आणि जगात आधी नसलेला एक व्हिडिओ जन्माला आला असता. त्याच्या हातात कसब होते, म्हणूनच मला इतके दुःख झाले.

त्याच स्पर्धेत सांगलीकडच्या एका मुलीची प्रवेशिका होती. ती रात्रपाळीची नोकरी करी आणि सारे संकलन मोबाइलवर करी. तेव्हा हाती स्वस्त साधन आले म्हणून कला बुडाली, असे जे म्हणतात त्यांच्याशी मी कदापि सहमत होणार नाही. तिने ‘मुशिशी’चे २६ भाग पखवाजाच्या एकल वादनावर घेतले होते. त्या मालिकेत झुंज नाही, आरोळी नाही. गिन्को नावाचा एक वाटसरू डोंगरदऱ्यांतून हिंडतो. तिने काय केले होते? समेवर गिन्को कधीच दिसत नसे. समेवर दिसे ते पाणी: थेंब, ओढा, दव, पेल्यातली मद्याची लहर, आणि माणूस येई तो खालीवर. संपूर्ण मालिका मनात मुरवल्यावाचून हे सुचणे अशक्य आहे. तिच्याकडे वही होती; तिने ती मला दाखवली. माझे मत बाजूला ठेवून पहिल्या फेरीतच तिची प्रवेशिका नामंजूर करण्यात आली, कारण गुणपत्रिकेत ताळमेळ, तांत्रिक सफाई, चित्राची गुणवत्ता आणि नेत्रदीपकता एवढेच रकाने होते, आणि नेत्रदीपकतेत तिला गुण मिळाले नाहीत. त्यानंतर तिचे दुसरे काम माझ्या पाहण्यात आलेले नाही. त्या स्पर्धेचे नाव मी घेत नाही. पण परीक्षकांच्या त्या कागदाविषयी मी तेव्हापासून बोलायचे ठरवले होते.

अध्यक्षाने काही विधायक तजवीज सुचवावी असा शिरस्ता आहे. जुन्या संकलकांच्या वह्या, जेथे मिळतील तेथून, मिळवून जतन कराव्यात. नवोदितांसाठी एखादे शिबिर असावे, ज्यात कापण्याआधी आठवडाभर फक्त पाहावे. यांचा तपशील कार्यकारिणीने ठरवावा. एका गोष्टीचा तपशील मात्र मी कोणावर सोपवीत नाही. या संमेलनाच्या स्पर्धेच्या गुणपत्रिकेत ‘निवड’ असा स्वतंत्र रकाना असावा, त्याला इतर कोणत्याही रकान्यापेक्षा कमी गुण नसावेत, आणि अंतिम फेरीतील प्रत्येक स्पर्धकाला परीक्षकांनी त्याच्याच व्हिडिओतील दृश्यांविषयी प्रश्न विचारावेत: हे कोठले, याच्या आधी काय घडते, त्याऐवजी दुसरे का घेतले नाही. ज्याला सांगता येणार नाही, त्याला पारितोषिक देऊ नये, मग सभागृहाने कितीही टाळ्या वाजवल्या असोत. असा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः मांडणार आहे. परीक्षक मंडळातील काही सदस्यांचा त्याला विरोध आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांनी यंदाच्या पारितोषिकपात्र व्हिडिओंतील दृश्यांची यादी सोबत आणावी, म्हणजे कोणते दृश्य किती जणांनी घेतले आहे, हे आपण सर्वांसमक्ष रुजू घालून पाहू.