अडचणीचा पैसा



पारितोषिक वितरणाच्या या मंगल प्रसंगी घरातील अडचणीच्या पैशाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु तुमच्यापैकी कित्येकांचे शिक्षण ज्या एका आजारपणाने किंवा एका कोरड्या वर्षाने खंडित होऊ शकते, त्याविषयी मौन पाळणे मला अधिक अनुचित वाटते.

गरिबाला काटकसर कळत नाही, हा आपल्या सुशिक्षित समाजाचा जुना आणि अन्यायकारक समज आहे. धान्याच्या डब्यात लपवलेल्या नोटा, भिशीचा हप्ता, प्रसंगी तारण जाणारे गळ्यातले डोरले, ही सारी बचतच होय. उणीव आहे ती हा पैसा निर्धास्त ठेवता येईल अशा जागेची. ही उणीव जुनी आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले, १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. पण पुढच्या अवर्षणासाठी चार पैसे शिल्लक टाकण्याची तजवीज त्या कायद्याने झाली नाही.

ती तजवीज शंभरहून अधिक वर्षांनी सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी केली. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईंना पावसाळ्यापूर्वी निवाऱ्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते; रक्कम क्षुल्लक म्हणून बँकेने त्यांचे खाते उघडले नाही. तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी स्त्रियांच्याच बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज दाखल केला, आणि सभासद स्त्रिया निरक्षर आहेत या कारणास्तव तो नामंजूर झाला. त्या स्त्रिया अक्षरे गिरवू लागल्या. आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन, मुद्दलावरचे व्याज आम्हाला तोंडी विचारा, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. या बँकेची माणसे बचत गोळा करायला दारापर्यंत जातात, कारण खात्यात पैसे भरण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवणे ज्या बाईला परवडत नाही, तिच्यासाठी गावातली बँकही दूरच असते. या एका गोष्टीत मला अर्थशास्त्राचे फार मोठे शहाणपण दिसते.

म्हणूनच प्राचार्यांना माझी विनंती आहे, की वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी दर आठवडी बाजारात एक टेबल मांडून बसावे, खाते उघडण्याचे अर्ज भरून द्यावेत, पासबुकातील नोंदी वाचून दाखवाव्यात. टेबलाचा आणि छपाईचा पहिल्या वर्षाचा खर्च मी देईन.