शिक्षेने व्यसन सुटते काय?

(वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)





आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक मागणी वारंवार केली जाते. करणारी बहुधा पत्नी किंवा आई असते आणि तिचा आवाज दबलेला असतो. "डॉक्टर, दारूची शिसारी येईल अशी गोळी द्या. आमटीत कालवून देईन, त्यांना कळूसुद्धा देणार नाही." या शब्दांमागची व्यथा आम्ही जाणतो. तरीही अशी गोळी आम्ही देत नाही. त्याचे कारण सांगण्यापूर्वी प्रयोगशाळेतील उंदरांकडे वळू या.

सन १९६१ मध्ये जॉन फॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक विलक्षण गोष्ट नोंदवली. भुकेल्या उंदरांना तो सरासरी मिनिटाच्या अंतराने अन्नाची एकेक बारीक गोळी मिळू देई. पाणी शेजारी मुबलक होते. उंदीर तहानलेले नव्हते. तरीही सुमारे तीन तासांत ते आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी प्याले! तेवढेच अन्न एकदम दिले, तर हे अतिपान दिसत नाही. म्हणजे दोष पाण्यात नव्हता, तहानेतही नव्हता. थोडे देऊन ताटकळत ठेवण्याच्या त्या व्यवस्थेतून हे वर्तन उपजत होते.

पुढे संशोधकांनी या उंदरांना शिक्षा करून पाहिली. पाणी चाटले की विजेचा सौम्य झटका, किंवा पुढचा घास लांबणीवर. पिणे कमी झाले, हे खरे. परंतु शिक्षा थांबवताच ते पुन्हा वाढू लागले, कारण ताटकळणे तसेच कायम होते. मद्यावरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली. नवख्या उंदरांच्या मद्यात कडू क्विनाइन मिसळले की ते तोंड फिरवतात. दीर्घकाळ मद्य प्यालेल्यांपैकी काही मात्र तो कडूपणा सोसूनही पीत राहतात.

मनुष्य म्हणजे उंदीर नव्हे, हे आम्ही विसरत नाही. पण हा अनुभव आपल्या परिसरालाही नवा नाही. जून २०१५ मध्ये येथून जवळच, मालाडच्या मालवणीत, विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. याहून मोठे भय ते कोणते? तरीही पिणे थांबले नाही.

आता त्या गोळीविषयी. डायसल्फिराम या औषधाचा हा गुण १९४८ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी जगापुढे आणला. मद्याचे शरीरात विघटन होताना अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते. त्याचा पुढील निचरा हे औषध रोखते. मग वर दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. हृदयविकाराच्या रुग्णाच्या जिवावरही बेतू शकते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका संभवतो. गोळी घेतल्याचे ज्याला ठाऊकच नाही, तो सावध कसा राहणार? आणि ज्या दिवशी हे उघडकीस येते, त्या दिवशी घरच्या ताटावरचाही विश्वास उडतो.

हेच औषध रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून आणि घरच्यांच्या डोळ्यांदेखत घेतले, तर उपयोगी पडू शकते. तेथे ती शिक्षा राहत नाही. रुग्णाने स्वतःच घातलेले ते कुंपण होते.

मात्र कुंपणाच्या आत काही तरी पेरावे लागते. रिकामी संध्याकाळ, थकलेला पगार, लोकलचा रोजचा शिणवटा, मनातील उदासी — त्या उंदरांच्या ताटकळण्यासारखे हे सारे जागच्या जागी राहिले, तर नुसत्या भयाने किती काळ निभावणार? म्हणूनच १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने औषधोपचाराला समुपदेशनाची आणि कुटुंबाच्या सहभागाची जोड दिली. आम्हीही त्याच वाटेने जाऊ इच्छितो.

आप्तस्वकीयांना आमची कळकळीची विनंती आहे : चोरून औषध देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. रुग्ण यावयास तयार नसेल, तर आधी आपण एकटे या. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचाही आधार घ्या.

आणि देणगीदारहो, यंत्राची किंमत पावतीवर दिसते. संध्याकाळी एका कुटुंबासमवेत शांतपणे बसणाऱ्या समुपदेशकाचा तास तसा दिसत नाही. आपल्या दानाचा काही अंश त्या तासासाठी असू द्यावा, एवढीच प्रार्थना.