उसनें आणि चोरलेलें

कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग या जर्मन राजकारणपटूस बायरॉइट विद्यापीठानें २००७ सालीं कायद्यांतील डॉक्टरची पदवी सर्वोच्च श्रेणींत बहाल केली. २०११ च्या फेब्रुवारींत, ते संरक्षणमंत्री असतांना, एका प्राध्यापकानें परीक्षण लिहिण्याच्या निमित्तानें त्यांचा प्रबंध वाचला आणि त्यांतील उसने उतारे उघडकीस आले. प्रस्तावनेचा आरंभच मुळीं १९९७ सालच्या एका वृत्तपत्रीय लेखांतून, नांव न घेतां, उचललेला निघाला. बातमी फुटल्यापासून आठवड्याभरांत विद्यापीठानें पदवी काढून घेतली. १ मार्च रोजीं मंत्रिपदहि गेलें. मंत्रिपद गेल्याचाच गवगवा फार झाला. परीक्षकांची मान्यता चार वर्षें त्या पदवीमागें उभी होती, याचा विचार मात्र थोड्यांनींच केला असेल.

संशोधकानें दुसऱ्याचें घेऊं नये असें कोणी म्हणत नाहीं. घेतल्यावांचून शास्त्र पुढें सरकतच नाहीं. तळटिपेचें काम इतकेंच कीं, विधान कोणत्या कागदावर उभें आहे हें वाचकास जाऊन पाहतां यावें. इतिहासाचार्य राजवाडे १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापूं लागले. त्यामुळें त्यांचा निष्कर्ष न पटणाऱ्याच्याहि हातीं मूळ पत्र राहिलें. नांव गाळलें कीं ही वाट बुजते. मूळ लेखकाची चूक असेल, तर तीच चूक दोघांनीं स्वतंत्रपणें काढलेल्या निष्कर्षाच्या थाटांत मिरवूं लागते.

भारतांत विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ च्या नियमांत प्रबंधांतील साम्याची मोजणी ठरवून दिली. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाहीं. ४० पर्यंत प्रबंध सुधारून सहा महिन्यांत पुन्हा द्यावयाचा. ६० पर्यंत वर्षभर बंदी. त्यापुढें नोंदणीच रद्द. नांवानिशीं दिलेलें अवतरण या मोजणींतून वगळतात, हें पुष्कळ विद्यार्थ्यांच्या गांवींहि नसतें. ते भिऊन चांगलें अवतरण मोडतात, शब्द फिरवितात, नांवहि गाळतात, आणि उसनें घेतलेलें हातानें चोरीचें करून ठेवतात.

मराठी प्रबंधांची गोष्ट याहून नाजूक आहे. इंग्रजी ग्रंथांतील प्रकरण मराठींत उतरवून आपलें म्हणून घातलें, तर शब्दाशीं शब्द ताडणाऱ्या यंत्रास त्यांत कांहींच सांपडत नाहीं. तेथें मार्गदर्शकाचाच डोळा लागतो. वाक्यें इंग्रजी वळणाचीं कां, विषय साताऱ्याचा असून उदाहरणें लंडनचीं कां, पहिल्या वर्षाचीं टिपणें कोठें आहेत, हें त्यानें उमेदवारास समोर बसवून विचारावयाचें असतें. स्वतः वाचून लिहिणारा उमेदवार पांच मिनिटांत वह्या काढून पुढें ठेवतो.