थोड्या पैशांत पहिला मॉड्युलर सिंथेसायझर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या सभेत मी विजेच्या एका वाद्यावर बोलावे अशी चिटणीसबाईंची सूचना आली, तेव्हा आपल्यापैकी काही जणींना नवल वाटले असेल. परंतु हा विषय आता आपल्या घरांत येऊन पोचला आहे. मुलगी मिळवती होते, पहिल्या वर्षाच्या पगारातून काही रक्कम बाजूला टाकते आणि एक दिवस म्हणते, "आई, मला मॉड्युलर सिंथेसायझर घ्यायचा आहे." आईला नावही नीट उच्चारता येत नाही. मग एक तर "हा पैशाचा चुराडा" म्हणून विषय मिटतो, नाही तर "तुझे पैसे, तू बघ" म्हणून सोडून दिला जातो. मला वाटते, दोन्ही उत्तरे मुलीच्या हिताची नाहीत. तिच्याजवळ बसून यादी करावी, हे तिसरे उत्तर अधिक कष्टाचे आहे. पण तेच खरे.

प्रथम हे वाद्य म्हणजे काय ते पाहू. पेटीमध्ये भाता, सूर आणि पट्ट्या एकाच खोक्यात कायमच्या जोडलेल्या असतात. मॉड्युलर वाद्यात हे सारे भाग सुटे मिळतात. एकेका भागाला मॉड्यूल म्हणतात आणि ते लहान लहान तारांनी आपणच एकमेकांस जोडावयाचे असतात. जशी जोडणी तसे वाद्य. अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला या दोघांनी १९६४ च्या सुमारास, एकमेकांपासून दूर राहून, अशी वाद्ये तयार केली. त्या काळी ती विद्यापीठांना आणि मोठ्या स्टुडिओंनाच परवडत. पुढे १९९० नंतरच्या दशकात जर्मनीतील डीटर डोपफर यांनी लहान आकाराची पद्धत काढली. तिला युरोरॅक म्हणतात. आज निरनिराळ्या कारखान्यांची मॉड्यूल्स याच मापाने बनतात, म्हणून एकाची दुसऱ्याशेजारी बसतात. आपल्या मुली मागतात ते हेच.

हे काम बायकांचे नव्हे, असे कोणी म्हणेल तर त्याला इतिहास दाखवावा. बी. बी. सी. चे रेडिओफोनिक वर्कशॉप १९५८ साली निघाले, त्याच्या संस्थापकांत डॅफ्ने ओरम होत्या. बुकलाचे वाद्य सुझान चियानी यांनी गाजविले. आणि आपल्याच देशात, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचे वाद्य आणून बसविले, तेव्हा त्यावर रचना करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या. पखवाज वाजविणाऱ्या या बाईंना तारांच्या जंजाळाची भीती वाटली नाही. त्या काळातील तेथील ध्वनिफिती २०२३ साली प्रकाशित झाल्या आहेत; त्या मुलींबरोबर अवश्य ऐकाव्यात.

आता खरेदीकडे वळू. पहिला सल्ला असा की, पहिले दोन महिने काहीच विकत घेऊ नये. व्हीसीव्ही रॅक नावाची प्रणाली २०१७ पासून संगणकावर फुकट मिळते. तिच्यात याच मॉड्यूल्सची चित्रे पडद्यावर जोडून खरा आवाज काढता येतो. दोन महिन्यांत मुलीचा उत्साह टिकला, तर ती हौस आहे असे समजावे. शिवाय कोणत्या भागाकडे तिचा हात पुन्हा पुन्हा जातो, हेही कळून येते. यादीचा पाया तोच.

दुसरी गोष्ट खोक्याची. धान्यापूर्वी डबा लागतो, तसे मॉड्यूल्सच्या आधी खोके आणि वीजपुरवठा लागतो. येथे काटकसर करू नये. युरोरॅकच्या एका रांगेची उंची सुमारे १२८.५ मिलिमीटर असते आणि रुंदी 'एचपी' या मापाने मोजतात. एक एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. ८४ एचपीची एक रांग सुमारे पावणेत्रेचाळीस सेंटिमीटर भरते. त्या मापाचा कागद कापून जमिनीवर पसरावा आणि प्रत्येक मॉड्यूलच्या रुंदीचे कागदी तुकडे त्यावर मांडावेत. ब्लाउज बेतताना आपण जे करतो, तेच हे. काय मावत नाही, ते पैसे देण्यापूर्वी दिसते.

विजेचाही हिशेब असाच. प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर वीज घेते हे त्याच्या माहितीत दिलेले असते. उदाहरणार्थ, पाच मॉड्यूल्स धनबाजूला १२०, ८०, ६०, ५० आणि ९० घेत असतील तर बेरीज ४०० होते. मग वीजपुरवठा निदान ५०० चा असावा. धन १२ व्होल्ट आणि ऋण १२ व्होल्ट या दोन बाजूंची बेरीज वेगवेगळी करावी. आणि एक सूचना लिहूनच ठेवावी: चपट्या तारेची लाल कड ऋण १२ व्होल्टच्या बाजूस येते. पाटीवरची खूण वाचल्याशिवाय आणि वीज बंद केल्याशिवाय तार जोडू नये. उलटी तार लागल्यास महिन्याभराची बचत क्षणात जळू शकते.

आता प्रत्यक्ष मॉड्यूल्स. आवाज उत्पन्न करतो तो ऑसिलेटर. हा पेटीच्या सुरांच्या जागी. त्या आवाजातील तीक्ष्ण अंश गाळतो तो फिल्टर, ही चाळण. आवाज लहानमोठा करतो तो व्हीसीए; ही नळाची तोटी. तोटी किती वेगाने उघडावी आणि मिटावी हे ठरवितो तो एन्व्हेलप. आणि संथ झोके देऊन स्वर हलविणारा तो एलएफओ. पहिल्या संचात एक ऑसिलेटर, एक फिल्टर, दोन व्हीसीए, एक एन्व्हेलप आणि एक एलएफओ एवढे पुरे. व्हीसीए दोन का? एक आवाजासाठी लागतो आणि दुसरा झोक्यांचे प्रमाण कमीजास्त करण्यासाठी. मुली दुसरा ऑसिलेटर आधी मागतात, कारण तो दिसतो आणि ऐकू येतो. पण मीठ-मोहरीवाचून दोन भाज्या आणून काय उपयोग? आवाज एकत्र करणारा साधा मिक्सर आणि प्रमाण कमी करणारा ॲटेन्युएटर हे त्यातलेच मीठ-मोहरी. किंमत थोडी, उपयोग रोजचा.

ज्यांना हे सारे जुळविण्याचा धीर नसेल त्यांनी अर्धमॉड्युलर वाद्य घ्यावे. २०१५ साली आलेले मूगचे मदर-३२ किंवा २०१८ सालचे बेहरिंगरचे न्यूट्रॉन यांत वरील सर्व भाग आतून जोडलेलेच असतात. तारा लावल्या तर जोडणी बदलते, न लावल्या तरी वाजते. पुढे ही दोन्ही युरोरॅकच्या खोक्यात बसविता येतात, म्हणजे पहिला खर्च वाया जात नाही. रक्कम अगदी बेताची असेल, तर माझा कौल याच वाटेला आहे.

स्वर कशाने वाजवावयाचा? आर्टुरियाच्या कीस्टेपसारखी लहान पट्टी व्होल्टच्या रूपाने स्वर पाठवू शकते आणि संगणकालाही चालते. येथे आपल्या गाणाऱ्या भगिनींसाठी एक आनंदाची गोष्ट आहे. या पद्धतीत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो आणि मधला कोणताही व्होल्ट देता येतो. म्हणून पेटीवर न निघणारी मींड आणि श्रुती येथे निघू शकते.

पैशाची वाटणी मी अशी करीन. शंभर रुपये धरले तर पंचवीस खोके आणि वीज यांना, दहा तारांना, पन्नास मॉड्यूल्सना आणि पंधरा हातचे राखून. परदेशाहून माल मागविल्यास जकात, कर आणि टपालखर्च वर पडतो. तो आधी विचारून घ्यावा, नाही तर हे पंधराही पुरणार नाहीत. वापरलेली मॉड्यूल्स मिळाली तर लाजू नये, मात्र वाजवून पाहावीत. डाग देता येत असेल तर सुटे भाग आणून घरीच जुळविण्याचे संचही स्वस्त पडतात. फ्रान्समधील एमिली जिलेट यांनी म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या आपल्या कारखान्याच्या मॉड्यूल्सचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. त्यामुळे त्यांवरून इतरांनी केलेल्या लहान व स्वस्त आवृत्त्या निघाल्या आहेत.

शेवटी एका बाईंचे उदाहरण देते. फ्रान्सच्या एलियान रादिग यांनी एआरपी २५०० या एकाच वाद्यावर सुमारे तीस वर्षे रचना केल्या. नवे काही निघाले म्हणून त्या धावल्या नाहीत. या छंदाचा खरा धोका पहिल्या खरेदीत नसून पाचव्या-सहाव्या खरेदीत आहे. रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते आणि वाजविणे मागे पडते. म्हणून घरात एक नियम असू द्यावा: आहे त्या जोडणीवर एक पुरी रचना करून घरच्यांना ऐकविल्याशिवाय नवे मॉड्यूल येणार नाही. या नियमाने पैसाही वाचतो; आणि त्याहून मोठे म्हणजे, मुलीची विद्या ऐकावयास घरची माणसे एकत्र बसतात.